जागा बदलली म्हणून हेरॉइन सुटलं नव्हतं

“व्हिएतनाममध्ये पाचातला एक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. घरी येताच 95 टक्के जणांनी उपचाराविना ते सोडलं. तेव्हा जागा बदला, व्यसन सुटतं.” हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. आकडे ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासातले आहेत. सप्टेंबर 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांना पुढच्या वर्षी गाठून त्यांनी मुलाखती आणि लघवीचे नमुने घेतले. काम चोख होतं, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

“घरी येताच सोडलं.” नाही. जून 1971 पासून परतणाऱ्या सैनिकांची लघवी तपासू लागले. अंश सापडला की विमान चुकायचं. अंगदुखी, उलट्या, घाम, सगळं तिथेच सोसायचं, मगच घर. रॉबिन्स यांच्या सैनिकांपैकी निघताना जेमतेम दहा टक्के सापडले. म्हणजे आहारी गेलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी व्हिएतनाममध्ये असतानाच, जागा न बदलता, हात आवरला होता. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि नेमकी तीच गाळली जाते.

“सुटलं ते सुटलंच.” तेही नाही. आहारी गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी परतल्यावर पुन्हा चव घेतली आणि तीन वर्षांत सुमारे 12 टक्के पुन्हा अडकले.

“मग कुणाचंही सुटेल.” हे मला सर्वांत घातक वाटतं. तिथलं हेरॉइन स्वस्त आणि जवळजवळ शुद्ध होतं. सिगारेटच्या टोकाची तंबाखू काढून त्यात पूड भरायची की झालं. सुईची गरजच नव्हती. मायदेशी तेच भेसळीचं, महाग आणि बहुतेक सुईने घेण्याचं. शिवाय बहुतेक मुलं विशीतली, वर्षभराच्या नेमणुकीवर गेलेली, त्याआधी हेरॉइनला न शिवलेली. वर्षानुवर्षं सुई टोचणाऱ्या माणसाला त्यांचा दाखला देऊन “तुला सोडायचं मनच नाही” असं सुनावणं हा अन्याय आहे.

इराक-अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकन सैनिकांचं तर उलटंच झालं. जखमी गुडघे नि पाठी घेऊन ते घरी आले आणि अफूजन्य वेदनाशामक गोळ्या अनेकांना घरी आल्यावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळाल्या. त्या आवरायला माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याला 2013 मध्ये देशभर मोहीम काढावी लागली.