सायकल-लेनचा कदरदान

नागपुरात सायकल-लेनला मनापासून मानणारा माणूस एकच आहे आणि तो तिथे खिळे टाकतो.

बाकीच्यांना बोलण्यात अर्थ नाही. डांबरावर पांढरी रेघ ओढली, आत सायकलचं चित्र काढलं, तेवढ्याने कोणाची सवय मोडत नसते. सेमिनरी हिल्सच्या उतारावरून मी सकाळी सिव्हिल लाइन्सकडे येतो तेव्हा त्या रेघेच्या आत संत्र्यांचा ठेला असतो, ठेल्याला खेटून मोपेड असते आणि मोपेडवाल्याची वाट बघत थांबलेली दुसरी मोपेड असते. तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून सभ्य गृहस्थ उभे असतात. लग्नसराईत मांडवाचे बांबू. एरवी एकामागे एक मोटारी, आणि त्यांच्या पोटाखालून सायकलच्या चित्राचं जेमतेम हँडल बाहेर आलेलं. उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार तर इथे इतक्या हक्काने शिरतात की समोर सायकल दिसली की तेच दचकतात आणि ‘दिसत नाही काय बे?’ असं आपल्यालाच विचारतात. ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्राच्या उपक्रमात २०२१ मध्ये देशातली जी ११ शहरं निवडली गेली त्यांत नागपूर होतं. मला याचा अभिमान आहे. तो मी रेघेच्या बाहेरून, सिटी बसच्या आरशाखाली मान घालून बाळगतो.

खिळेवाला मात्र रेघ पाळतो. त्याचा माल रेघेच्या आत, दोन ठेल्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, जिथून सायकलचं चाक जाणार बरोबर तिथे पडलेला असतो. रेघेबाहेर एकही नाही, मी वाकून बघितलंय. ही जागा सायकलींची आहे हे या शहरात कोणाला पटलं असेल तर त्याला.

आता कोणी म्हणेल, रस्त्यावर खिळे पडतातच. आमच्याकडे हिने हेच म्हटलं. “अहो, कुठल्यातरी सुताराच्या पिशवीतून सांडले असतील.” सुताराची पिशवी एकदा फाटते. दर आठवड्याला त्याच झाडाखाली, त्याच पट्टीत फाटत नाही. शिवाय माल निवडक असतो. चपटं डोकं आणि आखूड दांडी असलेल्या चुका, चांभार वापरतात तशा. मोठा खिळा रस्त्यावर आडवा पडतो, तो बिचारा निरुपद्रवी. चपट्या डोक्याची चूक डोक्यावर बसू शकते, टोक आकाशाकडे. हे ज्याला कळतं तो अभ्यासू माणूस आहे.

निसर्गाला ही युक्ती आधीपासून ठाऊक आहे. विदर्भात अनवाणी चाललेल्या कोणालाही सराटा समजावून सांगावा लागत नाही. कसाही फेका, एक काटा वर. त्याच घडणीचे लोखंडी गोखरू करून जुन्या काळी शत्रूच्या घोड्यांपुढे पसरत. म्हणजे मी सकाळी साडेसहाला हेल्मेट घालून निघतो तेव्हा कोणाच्या तरी लेखी मी घोडदळ असतो. इतका मान मला ऑफिसात कधी मिळाला नाही.

आडवा खिळा निरुपद्रवी म्हटलं, ते पुढच्या चाकापुरतं. पुढचं चाक त्याला उडवतं, तो गिरकी घेतो आणि मागचं चाक त्याला छातीवर झेलतं. बसणाऱ्याचं बरंचसं वजनही मागेच. म्हणून पंक्चर बहुतेक वेळा मागचं, आणि गिअरच्या सायकलचं मागचं चाक काढणं म्हणजे चेनला हात घालणं. त्यानंतर पांढरा रुमाल, पांढरा शर्ट आणि कपाळ यांपैकी जिथे जिथे हात जातो तिथे तिथे काळी मोहोर उमटते. ऑफिसात कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं, कुठल्यातरी पूजेचं काजळ आहे.

पंक्चर म्हटलं की पहिला संशय पंक्चरवाल्यावर. हा देशाचा रिवाज आहे. आमचा पंक्चरवाला पुढच्या चौकात लिंबाखाली बसतो. पुढ्यात घमेलं, घमेल्यात चहाच्या रंगाचं पाणी, डोक्यावर टायरची माळ. मी आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा आडून बोलणारा नाही.

“मी काऊन टाकीन जी?” तो म्हणाला. “तुमच्या या सुईवानी वॉलमधी माझी हवाच नाही जात.”

यावर बोलायला काही उरलं नाही. साध्या सायकलच्या वॉलमध्ये रबराची बारीक नळी असते, तिला त्याचा पंप ओळखतो. मोटारसायकलच्या जाड वॉलशी त्याचा कंप्रेसर बोलतो. माझ्या सायकलचा वॉल प्रेस्टा जातीचा. बारीक, टोकाला पितळी फिरकी, ती सैल केल्याशिवाय आत हवा घेत नाही. त्याला मोटारसायकलच्या वॉलचं तोंड लावायची पितळी टोपी येते. ती मी खिशात बाळगतो आणि ऐन वेळी ती दुसऱ्या पँटच्या खिशात असते. तेव्हा ज्याला आपल्याकडे हवा भरता येत नाही त्याने आपली हवा काढून काय मिळवायचं? इतका भक्कम बचाव मी कोर्टातही ऐकलेला नाही.

ठिगळ मात्र तो सुरेख लावतो. ट्यूब घमेल्यात बुडवून हळूहळू सरकवत नेतो, बुडबुडा आला की तिथे आगपेटीची काडी खोचतो. मग काचकागदाने घासणं, सोल्यूशन लावून फुंकर मारणं. मे महिन्यात फुंकरही लागत नाही. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिलंय, इथे सोल्यूशन ट्यूबला लागायच्या आधीच वाळायच्या बेतात असतं. आणि ट्यूब परत बसवण्याआधी तो टायरच्या आतून बोटं फिरवतो. हे फार महत्त्वाचं. खिळा आतच राहिला तर नवं ठिगळ पहिल्या वळणावर गेलंच म्हणून समजा. चूक सापडली की तो ती नीट पुसतो आणि डबीत टाकतो. डबी बरीच भरलेली आहे. आपण विचारू नये.

दुसरा संशय सकाळी फिरणाऱ्यांवर. फुटपाथ असताना लेनमधून चौघे चौघे हारीने चालणारी ही मंडळी घंटी वाजली की कपाळाला आठ्या घालतात. त्यांतल्या एका निवृत्त काकांना मी थेटच विचारलं. ते थांबले, श्वास घेतला. “हे पाहा, आमचा विरोध घंटीला आहे, खिळ्याला नाही. हे बूट मुलाने अमेरिकेतून पाठवलेत. त्याच्या तळव्यात खिळा गेला तर मी कोणाला तोंड दाखवू?” बाकीच्या तिघांनी बूट उचलून तळवे दाखवले. निर्दोष.

मग राहिला कापडवाला, ज्याला दुकानासमोर पार्किंग हवं असतं. तो तर हसलाच. “बाप्पा! माझ्याच गिऱ्हाईकाच्या गाडीखाली मी खिळे टाकीन?” पटलं. याच्या गिऱ्हाइकांना लेन आहे हेच माहीत नाही, तर लेनवर राग कुठून असणार?

सगळे सुटले. म्हणजे हा माणूस धंद्यासाठी करत नाही, सोयीसाठी करत नाही. पैसे खर्चून, पहाटे उठून करतो. परंपराही मोठी आहे म्हणा. फ्रान्सच्या सायकल शर्यतीत १९०५ साली पहिल्याच टप्प्यात लोकांनी रस्त्यावर खिळे पसरले होते. २०१२ मध्येही पिरेनीजच्या घाटात कोणीतरी चुका टाकल्या आणि जवळजवळ तीसेक जणांची चाकं बसली, त्यांत आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्सही होता. तेव्हा आघाडीवरच्या ब्रॅडली विगिन्सने सगळ्यांना वेग कमी करायला लावला, मागे राहिलेल्यांना गाठू दिलं. हे वाचून मी गहिवरलो. आमच्याकडे पंक्चर होऊन थांबलं की मागचा हॉर्न वाजवतो. हॉर्न ऐकून ट्यूबमध्ये हवा भरली जाते असा त्याचा समज असावा.

तक्रार करून झाली. कुठे केली ते सांगत नाही, माणसं चांगली होती, चहा पाजला. मी तयारीने गेलो होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, सार्वजनिक वाटेत धोका किंवा अडथळा, दंड ५,००० रुपयांपर्यंत. जुन्या दंडविधानात तो २०० होता, म्हणजे आपला अडथळाही महागाईबरोबर वाढलाय. टेबलामागच्या साहेबांनी कौतुकाने मान हलवली.

“अडथळा म्हणता, पण कोणाला?”

“सायकलींना. लेनमध्ये.”

“लेनमध्ये तर गाड्या उभ्या असतात ना जी?”

“हो, तोही अडथळाच.”

“मग सायकली जातात कुठून?”

“बाहेरून.”

“बाहेर खिळे आहेत?”

“नाहीत.”

“मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी आणखी एक कट चहा मागवला.

पुढचा उपाय लोहचुंबकाचा. बंगळुरात एका इंजिनिअरने रिंग रोडवर चुंबक फिरवून किलो-किलोने खिळे गोळा केल्याचं वाचलं होतं. मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून काठीला बांधलं आणि पहाटे लेन झाडू लागलो. खिळे चिकटतात, खरंच चिकटतात. त्यांच्याबरोबर बाटल्यांची बुचं, स्कूटरचा एखादा नट, आणि काळी माती, जिच्यात इतकं लोखंड असेल असं मला वाटलं नव्हतं. बघ्यांनी अर्थ आपापल्या परीने लावला. शाळकरी पोरांना वाटलं, माझी अंगठी हरवलीय. फिरणाऱ्या काकांनी परस्पर सांगून टाकलं की सोन्याची होती, मग दोन दिवस माझ्यामागून आणखी माणसं खाली बघत चालू लागली. तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. अत्यंत नम्रपणे म्हणाला, “साहेब, या लाइनीचं लोखंड मी उचलतो. तुमचा पगार चालू आहे ना?”

जानेवारीत तर मान खाली घालून चालताच येत नाही. संक्रांतीला सगळं नागपूर छतावर असतं आणि लक्ष वर ठेवावं लागतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी मी गळ्याला जाड मफलर गुंडाळतो. त्यात विनोद काही नाही, म्हणून पुढे जातो.

मधे एकदा वाटलं होतं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, गर्दी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडते, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो, तर एक बडग्या खिळेवाल्याचाही काढावा. इतवारीतल्या एका मित्राला कल्पना आवडली. “पण तोंड कोणाचं लावू बे?” त्याने विचारलं. तिथेच बसलं सगळं. गळ्यात सायकलची ट्यूब घालू, हातात हातोडी देऊ, पण चेहरा? शेवटी तो म्हणाला, तुझाच फोटो दे, रोज तिथे तूच वाकलेला दिसतोस.

उलगडा झाला तो एका मोठ्या पांढऱ्या गाडीमुळे. ती नेमकी खिळ्यांच्या पट्टीत उभी होती. मालक आला, गाडी मागे घेऊन निघाला, आणि फिरत्या चाकावर मला बारीक बारीक चकाकी दिसली. चुकांची डोकी. टायर ट्यूबलेस. अशा टायरमध्ये खिळा घुसला की रबर त्याला घट्ट धरून ठेवतं, हवा गेली तरी कणाकणाने जाते. मालकाला कळणार तीन-चार दिवसांनी, मनीषनगरात नाहीतर हिंगण्यात, आणि तो शिव्या तिथल्या रस्त्याला देणार. इकडे गाडी हलल्यावर खालची पट्टी मी चुंबकाने तपासली. एकही नाही. जे काम मी काठी घेऊन पाऊण तास करत होतो, ते चार चाकांनी मागे-पुढे करत एका मिनिटात केलं होतं.

तेव्हापासून पार्किंगविषयीचं माझं मत बदललं. सकाळी मी थोडा लवकर जातो, सायकल लिंबाला टेकवतो आणि पट्टीपाशी उभा राहतो. गाडी दिसली की हात करतो. “या, या. डावीकडे कापा. अजून. अजून थोडं मागे घ्या, आता पुढे. पुन्हा एकदा मागे.” लोक ऐकतात. हेल्मेट घातलेल्या माणसाचं नागपुरात ऐकतात, ते दुर्मीळ असतं म्हणून असेल. ट्रकसारखी दिसणारी गाडी आली तर मी तिला अख्खी पट्टी दोनदा चालायला लावतो. पंक्चरवाला लांबून बघतो, डबीचं झाकण लावतो. त्याचा माल घटलाय.

परवा असाच एका गाडीला मागे घेत होतो, तेवढ्यात पाठीला दप्तर लावलेली एक शाळकरी मुलगी सायकलवरून आली आणि माझ्यापुढे ब्रेक दाबून थांबली.

“काका, ही सायकलची लेन आहे ना?”

“आहे ना बेटा. तुझ्यासाठीच साफ करून राहिलो. अर्ध्या तासाने ये.”

“शाळा सातची आहे,” ती म्हणाली आणि रेघेच्या बाहेरून, बसला वळसा घालून निघून गेली.

गाडीचा मालक तोवर खाली उतरला होता. त्याने चारही बाजूंनी बघून घेतलं, बरोबर लागलीय याची खात्री केली आणि माझ्यापुढे वीस रुपयांची नोट धरली. मी नको म्हणालो.

“अहो ठेवा जी,” तो म्हणाला, “उद्याही इथेच लावतो.”

ठेवले. पंक्चरवाल्याचे तेवढेच द्यायचे राहिले होते.