एरर बदलला, पेढे वाटा

शनिवारी रात्री 10 ते पहाटे 4 असा डाउनटाइम, म्हणजे सिस्टिम बंद ठेवायची मुभा, मिळाला होता. काम काय, तर बिलिंगचं ॲप्लिकेशन जुन्या सर्व्हरवरून उचलायचं, नव्या जेबॉसवर (जावाची ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) ठेवायचं आणि ओरॅकलच्या डेटाबेसला जोडून द्यायचं. नवा म्हणजे आमच्यासाठी नवा, लिनक्स त्यावर जुनंच आणि जावा 7. मॅनेजर म्हणाले, "अरे अर्ध्या तासाचं काम, डेटासोर्सच तर बनवायचाय." डेटासोर्स म्हणजे डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड लिहिलेली नोंद. आईने जेवायला हाक मारली तर मी पण तेच म्हटलं, अर्धा तास गं, पिठलं झाकून ठेव.

सुरुवातीलाच ड्रायव्हर, म्हणजे जावा आणि ओरॅकलमधला दुभाषा, सापडेना. त्याची जार फाइल फोल्डरमध्ये होती, पण मॉड्यूलच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये तिचं नाव एका आकड्याने चुकलेलं. ते नीट केलं, रिस्टार्ट मारला, आता म्हणे डेटासोर्सच सापडत नाही. हा नावाचा घोळ, जेएनडीआयचा, म्हणजे सर्व्हरवरच्या नावांच्या यादीचा. आमच्या बापूकाकांना अख्खा वाडा बापू म्हणतो, पण रेशनकार्डावर ते पुरुषोत्तम, त्यामुळे पोस्टमन नवा आला की त्यांचं पत्र हमखास परत जातं. इथेही ॲप्लिकेशन आत उभं राहून 'जावा कोलन जेबॉस स्लॅश डेटासोर्सेस' अशा पूर्ण नावाने हाका मारतंय आणि मी सर्व्हरवर नुसतं 'जावा कोलन स्लॅश' लावून मोकळा झालो होतो. नाव बदललं. एरर बदलला. मी खुर्चीतच टाळी वाजवली, कारण ह्या धंद्यात एरर जाणं ही फार पुढची गोष्ट, नुसता बदलला तरी पेढे वाटावेसे वाटतात.

नवा एरर आला ओआरए-12514. म्हणजे डेटाबेसच्या दारात 1521 पोर्टवर जो लिसनर बसलेला असतो तो सांगतो की तुम्ही मागताय ती सर्व्हिस मला सध्या माहीत नाही. त्यातला 'सध्या' बघा. आमच्या सोसायटीचा वॉचमन असाच बोलतो, "ह्या नावाचं सध्या इथे कोणी नाही," आता पूर्वी होतं की पुढे येणारे ते तुमचं तुम्ही बघा. कॉलवर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, सर होते, त्यांना विचारलं.

"सर, तुम्ही मेलमध्ये दिलंय तेच नाव टाकलंय."

"अरे तो एसआयडी आहे. सर्व्हिस नेम नाही."

"मग सर्व्हिस नेम काय?"

"ते बघायला लागेल. तू एसआयडीच टाक ना, कोलन देऊन."

एसआयडी म्हणजे डेटाबेस इन्स्टन्सचं स्वतःचं नाव, सर्व्हिस नेम म्हणजे तो बाहेर ज्या नावाने सेवा देतो ते. तर युआरएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्यात, आधीचे दोन स्लॅश काढायचे आणि शेवटच्या स्लॅशचा कोलन करायचा. ह्या दोन टिंबांसाठी पाऊण तास गेला. असो, एरर बदलला. आता पासवर्ड चुकीचा.

पासवर्ड चुकीचा असणं शक्यच नव्हतं, कारण मी तो जुन्या सर्व्हरच्या फाइलमधून कॉपी केला होता. तिथेच तर गंमत होती. पासवर्डमध्ये होता अँपरसँड, आणि एक्सएमएलमध्ये तो सरळ लिहिलेला चालत नाही, त्याच्या मागे ए-एम-पी आणि सेमीकोलन जोडावं लागतं. ती शेपटी मी जशीच्या तशी ॲडमिन कन्सोलच्या डब्यात चिकटवली, जिथे तिची गरजच नाही, आणि ओरॅकलला पासवर्ड गेला चार पाहुण्या अक्षरांसकट. हे कळलं नंतर. तोपर्यंत काय झालं, तर कनेक्शन पूल (डेटाबेसच्या कनेक्शन्सचा ठरलेला साठा) म्हणजे आपली लग्नातली पंगत, पानं ठरलेली (आकडा दिला नाही तर जेबॉस जास्तीत जास्त 20 मांडतो) आणि जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचे उभे. आमचे उभे असलेले थ्रेड (ॲप्लिकेशनची एकाच वेळी चालणारी कामं) एकेक करून दाराशी जाऊन तोच चुकीचा पासवर्ड सांगून येत होते आणि ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये 10 वेळा चुकलं की अकाउंट लॉक. सरांनी अनलॉक केलं, दोन मिनिटांत परत लॉक. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "अरे बाळा, आधी तुझा सर्व्हर बंद कर." हे मला सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

रात्रीचा पाऊण. पासवर्ड बरोबर, अकाउंट उघडं, आणि आता 'कनेक्शन रिसेट'. तेही लगेच नाही, मिनिटभर गप्प बसून मग. नेटवर्कवाला म्हणाला, "आमच्याकडून ओपन आहे, टेलनेट करून बघा." केलं, लागलं, म्हणजे पोर्टपर्यंतची वाट मोकळी. डीबीए म्हणाले आमच्याकडून ओके. मॅनेजर म्हणाले दोघांकडून ओके आहे तर मग अडलंय कुठे, आणि कॉलवर सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले, कॅमेरे बंद असूनही ते जाणवतं.

दोन वाजता सापडलं. लॉगिन करताना ड्रायव्हरला गुप्ततेसाठी रँडम आकडे लागतात, जावा ते लिनक्सच्या डेव्ह-रँडम नावाच्या फाइलमधून मागतो, आणि जुन्या लिनक्समध्ये तिथला साठा संपला की ते वाट बघायला लावतं. (2020 च्या 5.6 कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापासून, हा ताप गेला, पण आमचं त्याच्या कितीतरी आधीचं.) साठा कुठून भरतो, तर कीबोर्ड, माउस, डिस्क ह्यांच्या हालचालीतून. आमचा सर्व्हर नवीन, रिकामा, कुलूपबंद खोलीत, त्याला माउस हलवणार कोण? साठा तपासला, 4096 मावतात तिथे 38. बिचारा आकडे जमवत बसतो आणि पलीकडे ओरॅकल 60 सेकंद वाट बघून दार लावून घेतो.

खात्री करायची म्हणून डेटा सेंटरच्या नाइट शिफ्टवाल्याला फोन लावला.

"भाऊ, त्या सर्व्हरच्या कीबोर्डवर जरा टाईप करता का?"

"काय टाईप करू सर?"

"काहीही."

"काहीही म्हणजे नक्की काय?"

"अहो काहीही, बटणं दाबत राहा."

"तसं नाही चालत सर. मेल टाका."

रात्री अडीच वाजता मी मेल टाकला, कृपया कीबोर्डवरील कोणतीही बटणे पाच मिनिटे दाबावीत, मॅनेजरांना सीसी. मॅनेजरांनी त्यावर 'अप्रूव्ह्ड' लिहिलं. माणसाने मन लावून बडवलं असणार, कारण आकडा चढत गेला आणि टेस्ट कनेक्शनला चक्क 'ट्रू' आलं. कॉलवर तीन माणसं ओरडली.

मग कायमचं औषध दिलं, जावाला सांगितलं की डेव्ह-रँडम सोड आणि यु-रँडमकडे जा, ते वाट बघायला लावत नाही. त्या पत्त्यात पण स्लॅशच्या मधे एक फालतू टिंब घालावं लागतं, कारण सरळ पत्ता दिला तर जावा 7 ओळखीचा समजून परत जुन्याच दारात जातो. टिंब टाकलं, रिस्टार्ट, सगळं चालू. साडेतीनला पिठलं खाल्लं, त्याचा पार दगड झाला होता.

सोमवारी आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, भरायचा होता. मूळ कारणाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, सर्व्हरवर रँडमनेस कमी पडला. दुपारी मॅनेजरांचा रिप्लाय आला, पुढच्या क्वार्टरला किती रँडमनेस लागेल त्याचं एक एक्सेल करून ठेव.