शिकारी माशांच्या टाकीत सफाई कामगार नेमू नका

परवा डोंबिवलीच्या एका मुलाने त्याच्या नव्या मरीन टँकचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचा, फोटो पाठवला. ३०० लिटरची टाकी. आत व्होलिटन्स जातीचा लायनफिश, दोन इंचांचा क्लाउन ट्रिगर मासा आणि दुकानदाराने 'क्लीनअप क्रू' (टाकी साफ ठेवणारे जीव) म्हणून गळ्यात मारलेले २० हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे), १० टर्बो गोगलगायी, २ क्लीनर श्रिंप. "दादा, कसा वाटतो सेटअप?" त्याला फोनवर जे बोललो तेच इथे लिहितोय. हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि दर वेळी तेवढे जीव हकनाक जातात.

आधी त्या श्रिंपचं. समुद्रात ही लाल-पांढरी कोळंबी मोठ्या माशाच्या तोंडात शिरून परजीवी टिपते आणि मासा तिला काही करत नाही, हे आपण व्हिडिओत पाहिलेलं असतं. त्याच भरवशावर मीही माझ्या पहिल्या लायनफिशसोबत दोन सोडल्या होत्या. एक पहिल्याच रात्री गेली, दुसरी आठवड्याभरात. कोळंबी हे लायनफिशचं रोजचं अन्न आहे, आणि काचेच्या चार भिंतींत तिला पळायला जागा नसते. चूक माशाची नव्हती, माझी होती. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

ट्रिगरची तर बातच वेगळी. त्याचा जबडा कवच फोडण्यासाठीच बनलाय. समुद्रात काही ट्रिगर पाण्याचा झोत मारून काटेरी सी अर्चिन उलटा करतात आणि मऊ बाजूने खातात. अशा माशापुढे गोगलगाय किती दिवस टिकणार? केंडाचंही (पफरफिश) तेच, त्याची चोच शिंपल्यांवरच चालते. शिवाय ट्रिगर लायनफिशचे लांब पर कुरतडतो. पर फाटले की जंतुसंसर्ग होतो आणि मासा खाणं सोडतो. लायनफिश आणि क्लाउन ट्रिगर ही जोडी दुकानातल्या टाकीत कितीही देखणी दिसो, घरी आणू नका.

सोबती निवडताना माझ्या लेखी दोनच प्रश्न असतात: याच्या तोंडात कोण मावेल, आणि हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? रंग नंतर. व्होलिटन्स ३५ सेंटीमीटरच्या आसपास जातो, त्याला ४५० लिटरच्या खाली ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रुपर दोन-तीन इंचांचा असताना इतका गोड दिसतो की हात आवरत नाही. पण तो आपल्या हेकरूच्याच खानदानातला, ७० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मग तो नेणार कुठे? समुद्रात तर अजिबात सोडायचा नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश सापडला. तिथे तो मूळचा नव्हताच, कोणाच्या तरी टाकीतूनच समुद्रात गेला असावा असं मानतात. आज अटलांटिकच्या केवढ्या मोठ्या पट्ट्यात त्याने छोट्या माशांचा फडशा पाडलाय.

जमणारे सोबती आहेत की. स्नोफ्लेक ईल हा वाम जातीतला मासा, बोथट दातांचा. त्याचा जीव खेकडे-कोळंबीत, मोठ्या माशांच्या वाटेला सहसा जात नाही. झाकण मात्र घट्ट हवं, बोटभर फटीतूनही तो बाहेर पडतो. आणि फॉक्सफेस मासा! अंगाने रुंद, पाठीवर स्वतःचे विषारी काटे, दिवसभर शेवाळ कुरतडणारा. शिकारी टाकीत शेवाळ खायला कोणी हवाच असेल तर चांगला मोठा फॉक्सफेस आणा, गोगलगायी नकोत. ३०० लिटरच जागा असेल तर व्होलिटन्सऐवजी ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीचा, लायनफिश पाहा.

वाळू साफ करायला सी कुकुंबर (समुद्रकाकडी) सुचवणारे भेटतील. भारतात सगळे सी कुकुंबर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोणी विकत असेल तर तिथून निघा.

मग साफसफाई कोण करणार? आपण. गोगलगाय शेवाळ खाईल, उरलेला तुकडा खाईल, पण नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं रसायन) खाणारी गोगलगाय अजून कोणी पाहिलेली नाही. मांसाहारी मासे पाणी भराभर घाण करतात. त्याला दमदार स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) लागतो आणि पाणी बदलण्याचा कंटाळा चालत नाही. मी दर रविवारी २० टक्के बदलतो. खाणं आठवड्यातून तीनदाच, बाजारातली माकूल, कोळंबी, माशाचे तुकडे आळीपाळीने, लांब चिमट्याने. उरलेलं दहा मिनिटांत बाहेर. जास्त खाऊ घातल्यानेही लायनफिश मरतात, यकृतात चरबी साठून. जिवंत गोल्डफिश तर नकोच. त्यातलं थायमिनेज हे एन्झाइम ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

हात आत घालण्याआधी लायनफिश कुठे आहे ते बघा. त्याचे १८ काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. गरम पाण्याने वेदना उतरते, पण डॉक्टर टाळू नका.

त्या मुलाने ऐकलं. ट्रिगर अर्ध्या किमतीत दुकानात परत गेला. श्रिंप वाचल्या नाहीत. टर्बो आहेत तशाच राहू देत, लायनफिश त्यांच्याकडे बघतही नाही. मोठ्या टाकीसाठी तो आता पैसे साठवतोय. हर्मिट क्रॅबपैकी १४ जिवंत आहेत, त्याने ते बादलीत एअर पंप लावून ठेवलेत. ठाणे-कल्याण भागात कोणाची शांत माशांची मरीन टाकी असेल तर सांगा. रविवारी मी स्वतः आणून देईन, पैसे नकोत.