शिकाऊ डॉक्टर, केईएम आणि निळ्या बुचाचा बल्ब

"केईएमला नको रे बाबा, तिथं शिकाऊ डॉक्टर पेशंटवर हात साफ करतात." घरात कुणाला कुठं ॲडमिट करायचं याची चर्चा सुरू झाली की हे वाक्य हमखास येतं. मला ते मनापासून खटकतं. परळच्या या रुग्णालयाची ताकदच शिकवण्यात आहे. तिथं जे बिघडतं, ते बरेचदा शिकवायला वेळ उरत नाही म्हणून.

मुळात केईएमला जोडलेलं शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं तेच एका अटीवर. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे १८४५ पासून होतं, पण तिथल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे बहुतांश गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. भारतीय डॉक्टर कितीही शिकलेला असो, ती खुर्ची त्याच्या वाट्याला येणं मुश्कील. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना बजावलं, की इथला शिकवणारा वर्ग भारतीयच असला पाहिजे. १९२५ ला कॉलेज सुरू झालं आणि जानेवारी १९२६ मध्ये त्याला जोडून महापालिकेचं किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम. दारावर इंग्लंडच्या राजाचं नाव आणि आत शिकवणारे आपले लोक! पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच.

पुढे १६ फेब्रुवारी १९६८ ला डॉ. पी. के. सेन यांनी इथं आशियातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय धडधडत असतानाच्या मृत्यूला, मान्यता देणारा कायदा भारतात यायला १९९४ उजाडलं, यावरून सेन किती पुढचं पाहत होते ते कळतं. आधीची कित्येक वर्षं त्यांच्या टीमनं कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून हात बसवला होता, आणि प्रयोगशाळा, विद्यार्थी, ऑपरेशन थिएटर एकाच आवारात असल्याशिवाय ते जमत नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून देशातली पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा परळमधलीच पुनरुत्पादन संशोधन संस्था सोबत होती. (कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे १९७८ लाच केलं होतं. त्यांना त्याचं श्रेय उशिरा मिळालं, हेही सांगायलाच हवं.)

आता "शिकाऊ" कोण ते पाहू. मेडिसिन, सर्जरी असे मोठे विभाग युनिटांमध्ये वाटलेले असतात. युनिटचा प्रमुख प्राध्यापक, खाली असोसिएट आणि असिस्टंट प्रोफेसर, मग एमडी-एमएस करणारे तीन वर्षांचे रेसिडेंट, शेवटी इंटर्न. ओपीडीचा वार युनिटनिहाय ठरलेला, इमर्जन्सीचाही. पोटात दुखणाऱ्या माणसाला आधी ज्युनियर तपासतो, मग रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठ रेसिडेंट, मग राऊंडला सर. प्रत्येक पायरीवर वरचा विचारतो, "अपेंडिक्सच कशावरून? दुसरं काय असू शकेल?" उत्तर देता आलं नाही तर पुन्हा पोटाला हात लावावा लागतो. एका पोटावर तीन-चार जणांचा हात आणि तितक्याच जणांचं डोकं! एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात ही उलटतपासणी होत नाही.

ही साखळी कुठं तुटते? रक्त घेताना बघा. पीटी-आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या चाचणीसाठी, निळ्या बुचाचा बल्ब (रक्त भरायची छोटी नळी) लागतो. आत रक्त गोठू न देणारं ०.२ मिलि सायट्रेट, त्यात बरोबर १.८ मिलि रक्त, म्हणजे एकास नऊ. रक्त खुणेच्या खाली राहिलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला आहे त्यापेक्षा जास्त वेळ लागतोय असं दिसतं. बल्ब हलक्या हातानं तीन-चार वेळा उलटासुलटा केला नाही तर आतच गुठळी होते आणि लॅब सँपल परत पाठवते. बारीक सुई लावून पिस्टन जोरात ओढला तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए बल्बमधलं रक्त प्लेन, म्हणजे आत काही न घातलेल्या, बल्बमध्ये ओतलं तरी तेच, कारण रक्त गोठू न देणारं ईडीटीए तिथं पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपातच असतं. असा रिपोर्ट आला की भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया थांबवतात, रुग्ण आणखी एक दिवस उपाशी राहतो आणि बेड अडून राहतो.

सकाळी राऊंडच्या आत पूर्ण वॉर्डाची रक्तं एकट्यानं काढणाऱ्या, आदल्या रात्रीपासून जागणाऱ्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटकडून हे होतं. त्याला यातलं सगळं माहीत असतं. पण मामाची, म्हणजे वॉर्डबॉयची, जागा रिकामी, टेक्निशियन अपुरे, म्हणून बल्ब लॅबला पोचवणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्ट शोधणं हेही त्याच्याच गळ्यात. खाटा सुमारे १,८०० आणि ओपीडीत वर्षाला १८ लाखांच्या आसपास रुग्ण, म्हणजे कामाच्या दिवशी सहा हजार. खाट नाही म्हणून परत पाठवायचं नाही ही महापालिकेची रीत, त्यामुळे दोन खाटांच्या मध्ये गादी पडते. ती रीत मला अभिमानाची वाटते. पण जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकणाऱ्या हर्नियासाठी किंवा डायलिसिससाठी माणूस परळला येतो, तेव्हा मेंदूला मार लागलेल्याची जागा अडते. रेसिडेंटवर ओरडून यातलं काहीही सुटणार नाही. चतुर्थश्रेणीच्या आणि टेक्निशियनच्या जागा भरा, सँपल न्यायला वेगळा माणूस ठेवा. राऊंडला अर्धा तास जास्त मिळाला तरी रुग्णाचं भलं होईल.

तोवर नातेवाइकांनी एवढं करावं. केसपेपरवर युनिट आणि ओपीडीचा वार लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. फेरतपासणीला दुसऱ्याच वारी गेलात तर अख्खा दिवस वाया जातो. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा, नवा सगळ्यात वर. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर. आणि सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेत बसणारी शस्त्रक्रिया असेल तर बाहेरून सामान विकत आणण्याआधी रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा. मंजुरी आधी घ्यावी लागते, नंतर बिलं दाखवून ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.