‘शिशानी’ हे कुळ नव्हे, पण किस्त चेचेनच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मायदेशाबाहेर विखुरलेल्या चेचेनांवर (रशियातल्या उत्तर कॉकेशसमधल्या चेचन्याचे लोक) मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मुद्देसूद होती, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप तीन. जॉर्डनमधल्या झर्का शहरातल्या ‘शिशानी’ लोकांना मी एक कुळ म्हटलं, ते चूक. जॉर्जियातले किस्त ही जनगणनेत वेगळी नोंदलेली जमात असताना मी त्यांना चेचेनांत ओढलं. आणि मायदेशाबाहेर चेचेन एकूण किती, हा साधा आकडाही लेखात नाही, म्हणजे अभ्यास कच्चा.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. अरबीत ‘च’ नाही, म्हणून चेचेनचं शिशान झालं. ‘अल-शिशानी’ म्हणजे नुसतं ‘चेचेन’. कोल्हापूरकर आडनावाचे सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच हे. कुळाला चेचेन भाषेत तैप म्हणतात आणि झर्कातल्या शिशानींमध्ये वेगवेगळ्या तैपांचे लोक आहेत.

मात्र आडनावाकडे नीट पाहिलं तर माणूस स्थलांतराच्या कुठल्या लाटेतला हे बऱ्यापैकी कळतं. १८६५ साली मूसा कुंदुखोव या रशियन फौजेतल्या जनरलने (हा स्वतः ओसेत, चेचेन नव्हे) सुमारे पाच हजार कुटुंबं उस्मानी मुलखात नेली. त्यांचे तुर्कस्तानातले वंशज आडनावावरून शोधू नका, कारण १९३४च्या कायद्यानंतर सगळ्यांनाच तुर्की आडनावं घ्यावी लागली. त्यात तिथे उत्तर कॉकेशसहून आलेल्या कुणालाही सरसकट ‘चेर्केस’ (खरं तर ही वेगळीच जमात) म्हणायची सवय! झर्का वसलं १९०२च्या सुमारास, नंतरच्या लाटेतल्या लोकांकडून. तिथे ‘शिशानी’. जॉर्जियाच्या पांकिसी खोऱ्यात, म्हणजे किस्तांच्या वस्तीत, ‘-श्विली’, म्हणजे ‘अमक्याचं लेकरू’: मार्गोश्विली, खांगोश्विली. आणि १९९४ नंतरच्या युद्धांमुळे युरोपात गेलेल्यांच्या पासपोर्टवर रशियन थाटाचं ‘-ओव’ नाहीतर ‘-एव’.

यात फसायलाही होतं. ‘इस्लामिक स्टेट’चा कुख्यात कमांडर अबू ओमर अल-शिशानी हा पांकिसीतल्या बिर्कियानी गावचा, मूळ नाव तारखान बातिराश्विली. आई किस्त, पण वडील जॉर्जियन ख्रिस्ती. म्हणजे त्याचं ‘-श्विली’ हे किस्तपणाची खूण नव्हेच, ते बापाकडून आलेलं अस्सल जॉर्जियन. आणि ‘अल-शिशानी’ हे त्याचं आडनाव नव्हे, लढाईतलं टोपणनाव. वर्तमानपत्रांनी दोन्ही नावांवरून नाही नाही ते निष्कर्ष काढले.

आता किस्त. इथे मी मागे हटणार नाही. ‘किस्त’ हे जॉर्जियनांनी दिलेलं नाव. ती माणसं स्वतःला नोख्ची म्हणवतात आणि नोख्ची म्हणजेच चेचेन. (‘चेचेन’ हे नाव तरी कुठे त्यांचं? रशियनांनी ते एका गावावरून सगळ्यांना लावलं.) एकोणिसाव्या शतकात डोंगर ओलांडून ते पांकिसीत उतरले, आणि दुइसी, जोकोलो, बिर्कियानी या गावांत घरात आजही चेचेन बोलली जाते, बाहेर जॉर्जियन. दुइसीच्या जुन्या मशिदीत दर शुक्रवारी बायका गोल करून सूफी झिक्र (देवाच्या नावाचा सामूहिक जप) करतात, ती कादिरी या सूफी पंथाची परंपराही चेचन्यातूनच आलेली. जनगणनेतला रकाना हा सरकारच्या सोयीचा असतो, त्यावरून भाषा ठरत नाही.

भाषेचाच एक नमुना देतो. येणाऱ्याला चेचेनमध्ये म्हणायचं ‘मार्शा वोघिला’, येणारी बाई असेल तर ‘मार्शा योघिला’, पुष्कळ जण असतील तर ‘मार्शा दोघिला’. पहिलं अक्षर लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, आपल्या ‘आलास’, ‘आलीस’, ‘आलात’सारखं, फक्त शेवटाऐवजी सुरुवातीला. ‘मार्शा’च्या मुळाशी स्वातंत्र्य आहे, म्हणजे स्वागतच ‘मोकळा ये’ असं.

या सगळ्यांत खरी फूट पडली आहे ती लिपीची. चेचेन आधी अरबी लिपीत लिहीत, १९२५ला लॅटिन आली, १९३८ला सिरिलिक, म्हणजे रशियन लिपी. झर्काचे लोक पहिल्या बदलाच्याही आधी निघालेले. चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझ्नीत, छापलेलं पुस्तक त्यांना आपल्याकडच्या मोडीच्या कागदासारखं: वाचून दाखवलं तर कळेल, स्वतःला वाचता येणार नाही. इंटरनेटवर शोधताना आणखी एक अडचण. चेचेन सिरिलिकमध्ये उभ्या काठीसारखं एक अक्षर आहे, ते कीबोर्डवर सहसा सापडत नाही, म्हणून लोक तिथे एकचा आकडा, लॅटिन कॅपिटल आय किंवा स्मॉल एल टंकतात. एकच शब्द चार प्रकारे लिहिलेला सापडतो आणि शोध फसतो. चारही करून पाहा.

राहिला आकडा. तो मी मुद्दाम दिला नाही. जॉर्जिया किस्त मोजतो: २०१४ला सहा हजारांच्या आत. कझाकस्तान वंश विचारतो, तिथे तीस हजारांवर चेचेन आहेत, १९४४च्या फेब्रुवारीत स्टालिनने हद्दपार केल्यावर १९५७नंतरही न परतलेल्यांचे वंशज बरेचसे. तुर्कस्तानची जनगणना वंश विचारतच नाही. ऑस्ट्रिया नागरिकत्व मोजतो, म्हणजे व्हिएन्नातला चेचेन कागदावर ‘रशियन’.

आणि युरोपातली मोजणी दुहेरी कशी व्हायची ते पाहा. रशियन पासपोर्टवर बेलारूसला व्हिसा लागत नाही. २०२०पर्यंत लोक तिथल्या सीमेवरच्या ब्रेस्त शहरातून लोकल गाडी पकडत, बुग नदी ओलांडली की पोलंडचं तेरेस्पोल स्टेशन. तिथे आश्रयाचा अर्ज घेतला गेला तर बोटांचे ठसे युरोपच्या सामायिक यादीत जायचे. माणूस पुढे जर्मनीला किंवा ऑस्ट्रियाला जाऊन पुन्हा अर्ज करायचा. युरोपच्या डब्लिन नियमाप्रमाणे अर्जाची जबाबदारी सहसा पहिल्या देशाची असायची, म्हणून त्याला पोलंडला परत पाठवलं जायचं. अर्ज दोन, क्वचित तीन, माणूस एकच. उलट बाजूने, २०१५-१६च्या सुमारास तेरेस्पोलला कित्येकांचे अर्ज घेतलेच जात नव्हते. व्हिसा नाही असा शेरा मारून त्याच दिवशी गाडीने ब्रेस्तला परत. एका अर्जदाराने तीसएक वेळा प्रयत्न केल्याचं युरोपीय मानवाधिकार न्यायालयासमोर आलं आणि २३ जुलै २०२०ला निकाल पोलंडच्या विरोधात गेला. ही परत धाडलेली माणसं आश्रय मागणाऱ्यांच्या कुठल्याच आकड्यात नाहीत. काही दोनदा मोजलेली, काही मोजलीच नाहीत, बेरीज कशाची करू?

मूळ लेखातलं शिशानींचं वाक्य आज दुरुस्त केलं आहे, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. किस्तांचा परिच्छेद होता तसाच आहे.