मुलांचे चष्मे कपाटात ठेवायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

‘चष्म्यानेच नंबर वाढतो. मुलांचा चष्मा आजच काढा, डोळे आपोआप सुधारतील.’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यात डिचोली-साखळीपासून फोंड्यापर्यंत घरोघरच्या गटांत फिरतोय. पुढे त्यात डोळ्यांत मध आणि कांद्याचा रस घालायला सांगितलंय, उगवत्या सूर्याकडे एकटक बघायला सांगितलंय. काँटॅक्ट लेन्स विहिरीच्या पाण्यात ठेवा, चाळिशी लागली की डॉक्टरकडे न जाता बाजारातला तयार चष्मा घ्या, आणि शेवटी गाजर खा. खाली ‘जनहितार्थ’. एरवी असलं काही आलं की मी पुसून मोकळा होतो. पण माझ्या मावसबहिणीने हे वाचून सात वर्षांच्या लेकीचा चष्मा कपाटात ठेवला आणि मला फोनवर म्हणाली, “दादा, महिनाभर बघूया तरी.” म्हणून हे लिहावं लागतंय.

त्या मुलीच्या उजव्या डोळ्याला नंबर जवळजवळ नाही, डाव्याला अधिक साडेचार आहे. चष्मा काढला तरी ती धावते, खेळते, टीव्ही बघते. आईला वाटतं, बघा, चष्म्याशिवाय चाललंय की! चाललंय ते एका डोळ्यावर. मी तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तारखा वाचायला सांगितल्या. तिने भराभर वाचल्या. उजवा झाकला तर ती मान वाकडी करून माझ्या बोटांच्या फटीतून बघायला लागली आणि मग हातच ढकलला. डाव्या डोळ्याकडून मेंदूला कायम अंधुक चित्र जात राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच डॉक्टर आळशी डोळा म्हणतात. पाहण्याची ही जडणघडण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सगळ्यात जोरात चालते, नंतर उपचाराला यश येणं अवघड होत जातं. मोठेपणी कितीही भारी चष्मा लावा, लेसर करा, मेंदू जे शिकलाच नाही ते त्याने मिळत नाही. ‘महिनाभर बघूया’ म्हणायला या मुलीकडे फालतू महिने नाहीत.

आता नंबर वाढण्याचं. मायनस नंबर, म्हणजे लांबचं अंधुक दिसतं तो, वाढतो कारण वाढत्या वयात डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब होत जातो. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. मूल वाढतं तेव्हा डोळाही वाढतो, आणि नेमका त्याच वयात चष्मा लागलेला असतो. चप्पल घातल्यामुळे मुलांचे पाय वाढतात, असं कोणी म्हणतं का?

मेसेजवाल्याने आणखी एक शहाणपण शिकवलंय: ‘चष्मा द्यायचाच तर मुद्दाम कमी नंबरचा द्या, डोळ्याला व्यायाम होतो.’ ही समजूत चष्म्याच्या दुकानांतही ऐकू येते. मलेशियात ती थेट तपासली गेली आणि निष्कर्ष २००२ साली ‘व्हिजन रिसर्च’ या नियतकालिकात आले. मायनस नंबर असलेली ९ ते १४ वर्षांची ९४ मुलं होती. काहींना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, काहींना मुद्दाम पाऊण नंबर कमीचा. दोन वर्षांनी पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला होता, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. म्हणजे ज्या उपायाने नंबर थांबेल असं सांगतात, तो केलेल्या मुलांचा नंबर जास्त वाढला. हे कळून वीसएक वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे जुनंच चालू आहे.

मध आणि कांद्याच्या रसावर मला खरं तर ओरडावंसं वाटतं. ‘झोंबतं म्हणजे घाण बाहेर येते, मोतीबिंदूही विरघळतो’ असं लिहिलंय. कांद्यातल्या गंधकयुक्त वायूने डोळा चुरचुरतो आणि स्वतःला वाचवायला पाणी सोडतो, एवढंच. मोतीबिंदू डोळ्याच्या आतल्या भिंगात असतो, वरून घातलेल्या थेंबाने तो विरघळत नाही. आणि बरणीतला मध निर्जंतुक नसतो. भातकापणी-मळणीच्या दिवसांत आपल्याकडे डोळ्यांत कुसळ जातं, बुबुळाला ओरखडा पडतो आणि त्यात बुरशी शिरते. अशा वेळी दोन दिवस मध घालण्यात गेले, किंवा फार्मसीतून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून घातले, तर बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहू शकतो. कुसळ गेलं, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, की त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा.

लेन्सचं पाणी हा दुसरा घातक भाग. विहिरीचं, नळाचं, नदीचं, समुद्राचं, कुठलंही पाणी असो, त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सखाली अडकला तर तो बुबुळ पोखरतो. उपचार महिनोन् महिने चालतात, कधी बुबुळ बदलावं लागतं. पाणी उकळून गार केलं तरी लेन्सला ते नको. दर वेळी डबीत ताजं सोल्युशन, कालच्यात भर घालायची नाही, दर तीनेक महिन्यांनी डबी नवी, आणि लेन्स घालून झोपायचं नाही. सांजाव म्हणजे सेंट जॉनच्या सणाला विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांनी आधी लेन्स काढावी. सोल्युशन महाग आहे हे मान्य. परवडत नसेल तर चष्मा वापरा, लेन्सवाचून काही अडत नाही.

सूर्याकडे एकटक बघू नका. डोळ्याच्या आतला पडदा भाजला तरी दुखत नाही, त्यामुळे कळतं ते उशिरा. गाजर खुशाल खा. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर उपयोग होतो, पण नंबर त्याने उतरत नाही.

मेसेजमधली एक ओळ मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मानतो: ‘मुलांना मैदानात सोडा.’ चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के होतं, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ चा. पण याचा फायदा नंबर लागू नये म्हणून, लागलेला उतरवायला नव्हे.

राहिला तयार चष्मा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या वाचायच्या चष्म्याने डोळे बिघडत नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका (सिलिंडरचा) नंबर नसेल, तर पेपर वाचायला तो चालतो. पण चाळिशीची तपासणी फक्त चष्म्यासाठी नसते. त्या वेळी डोळ्याचा दाब आणि मागची नस बघतात, कारण काचबिंदू न दुखता कडेची नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यात आपल्याकडे साखर, म्हणजे मधुमेह, घरोघर. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, स्पष्ट दिसत असलं तरीही. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि कोणालातरी सोबत न्या.