काढता पाय

मला आयुष्यात कुठूनही पटकन निघता आलेलं नाही. आई सांगते, जन्माच्या वेळीसुद्धा सुईण दोन दिवस ओसरीवर बसून होती.

तसं आमच्या मराठवाड्यात निघणं हेच एक वेगळं काम आहे. आधी बसल्या जागेवरून ‘निघतो आता’ म्हणायचं. त्यावर ‘बसा की, कुठं गाडी सुटायली का?’ असं येतं. मग चहा. (साखर कमी सांगितली तर घरातल्या तिघांच्या शुगरचे आकडे ऐकावे लागतात, म्हणून मी सांगत नाही.) मग उभं राहायचं. उभ्या-उभ्या पाऊण तास जातो, कारण बांधाचं भांडण, पोरीची सोयरीक आणि चुलत्याचं ऑपरेशन हे विषय बसून बोलायचे नसतातच. मग उंबरा, मग अंगण. गाडीला किक मारली की आतून कुणीतरी हरभऱ्याच्या डाळीची पिशवी घेऊन पळत येतं आणि पिशवीसोबत एक राहून गेलेला विषयही आणतं. बरं, ‘जातो’ म्हणायचीही चोरी. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आजीनं कान धरून शिकवलंय. ज्या मुलखात जाणाऱ्याला ‘येतो’ म्हणावं लागतं, तिथं माणूस जाणार कसा?

त्यामुळं पुण्याहून सुट्टीला आलेला माझा पोरगा ‘पप्पा, मी कल्टी मारतो’ एवढंच बोलून खरोखर दिसेनासा झाला, तेव्हा मी त्या शब्दाच्या प्रेमातच पडलो. ना चहा, ना उंबरा. मुंबईच्या टपोरी बोलीतला शब्द, पण आता परभणीच्या कॉलेजातही रुळलाय. मी चौकशी केली. लेक्चरला कल्टी मारता येते. उसने मागणाऱ्या मित्राला कल्टी देता येते. नकोसा माणूस असेल तर ‘चल, कल्टी हो’ म्हणून त्यालाच वाटेला लावता येतं. तसा मराठी माणूस दिवसभरात काय काय मारत असतो! गप्पा, थापा, चकरा, दांडी, डुलकी. कुणाला काही लागत नाही. त्यात आणखी एक कल्टी मारायला काय हरकत आहे, असं मला वाटलं.

संधी आली ती मेहुण्याच्या पोराच्या लग्नात. गाव जिंतूरच्या अलीकडं. मे महिना, पारा 43 वर. मुहूर्त दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा. पत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापतात, हे मला आपल्या लग्नातलं सगळ्यात आवडतं. लग्न लागलं अडीचला, तेही यायचे ते पुढारी आलेच नाहीत म्हणून इतक्या लवकर. परभणीला जाणारी एसटी 4 वाजता होती. जेवण झालं होतं. बुंदी दोनदा घेतली होती. आता हात धुवायला म्हणून मांडवाच्या मागं जायचं आणि तसंच फाट्याकडं, असा बेत मी आखला आणि पोराला मेसेज टाकला: ‘स्टँडवर घ्यायला ये. 4 च्या गाडीनं कल्टी मारतोय.’

तो मेसेज पोराला गेला नाही. लग्नाच्या ग्रुपवर गेला. ग्रुपमध्ये 211 माणसं होती आणि त्यातली बरीचशी त्याच मांडवात, माझ्याच पंगतीला होती.

‘दाजी!’ मेहुण्यानं पार त्या टोकाहून हाक दिली. ‘कल्टी मारायलात व्हय?’

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. लग्नघरात दाजीचा मान पोळ्याच्या बैलासारखा असतो. हार घालतात, ओवाळतात, पण दावं सोडत नाहीत.

‘कुणाला मारायलेत?’ कूलरपुढच्या खुर्चीतून एक खणखणीत आवाज आला. हे गावातले निवृत्त गुरुजी. वय 85, धोतर पांढरंशुभ्र, कान थोडे कमी. ‘शुभकार्यात मारामारी कशाला? धरा त्यांना.’

मला धरून गुरुजींच्या शेजारी बसवण्यात आलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अजून वेळ होता. दोन मिनिटांत अर्थ सांगून उठू, असं मला वाटलं. आयुष्यात मी ज्या चुका केल्या त्या बहुतेक ‘दोन मिनिटांत’ केल्या आहेत.

मी सांगितलं, ‘गुरुजी, कल्टी म्हणजे गुपचूप निघून जाणं.’

‘काहीतरीच,’ शेजारचे मामा म्हणाले. ‘कल्टी ट्रॅक्टरच्या मागं असती. नांगरट झाली की ढेकळं फोडायला. आपण मोगडा म्हणतो, ही ट्रॅक्टरवाली पोरं कल्टी म्हणायलेत. कल्टिव्हेटरची कल्टी. मी परवाच चार एकर मारून घेतली.’ मग माझ्याकडं जरा संशयानं बघून विचारलं, ‘दाजी, तुम्हाला रान कुठंय पण?’

तेवढ्यात वऱ्हाडाच्या टेम्पोचा ड्रायव्हर पाण्याच्या जारपाशी उभा होता, त्याला राहवलं नाही. ‘त्याचं सोपंय मामा. गाडीची झाली पलटी की डायवर मारतो कल्टी.’ यमक इतकं चोख होतं की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. भाषाशास्त्र म्हणून ते कितपत टिकेल कोण जाणे, पण अनुभवाचे बोल वाटले. परत जाताना मी त्याच्या टेम्पोत बसायचं नाही, हे तिथंच ठरवलं.

गुरुजींनी हात वर केला. सगळे गप्प झाले. अर्ध्या मांडवानं कधी ना कधी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या.

‘ऊन कललं की निघावं, असं म्हणतो का नाही आपण? त्या कलत्या उन्हाची वेळ ती कलती. कलतीची झाली कल्टी.’

ही व्युत्पत्ती गुरुजींनी कूलरच्या वाऱ्यात त्याच क्षणी तयार केली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते बोलून दाखवायची माझी काय कुणाचीच छाती झाली नाही. शिवाय ऊन खरंच कलायला लागलं होतं. मी म्हणालो, ‘मग मी कलत्या उन्हाचं...’

‘बसा. पोबारा माहितीये का?’

बसलो.

इथून पुढं जे झालं ते मी मनापासून ऐकलं, हे मान्य करतो. गुरुजींचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून. सरकारी कागद सगळा उर्दूत, त्यामुळं घरात अरबी-फारसी शब्दांचा राबता. गुरुजींनी पळण्याचे शब्द असे मांडले, जसा कासार बांगड्या मांडतो. फरार, हा अरबी. गायब, तोही अरबी. परागंदा फारसी, म्हणजे विखुरलेला. आणि पोबारा सारीपाटाच्या पटावरचा. तीन फासे टाकले आणि दोन सहा अन् एक एक पडला, की झालं पौ बारा. पौ म्हणजे एक. हे डाव जिंकायचं दान. हिंदीत अजूनही पौ बारह म्हणजे नशीब फळफळलं. मराठीत मात्र त्याच दानाचा पोबारा झाला आणि माणूस पळायला लागला.

मला हे एकदम पटलं. डाव जिंकलेला शहाणा माणूस अड्ड्यावर थांबेल कशाला?

‘आता हिशेब बघा,’ गुरुजी रंगात आले. ‘हिंदीवाला नऊ दोन अकरा होतो. आपला बारा अन् एक तेरा. पळण्यात आपण दोन घरं पुढं हाव.’

‘पण गुरुजी,’ एका पोरानं विचारलं, ‘हितं सगळ्यात मोठी कल्टी कुणी मारली?’

‘तुघलकानं. 1327 साली दिल्लीची राजधानी उचलली अन् आपल्या देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. दिल्लीची माणसं उन्हातान्हात हितवर चालवली. अन् काही वर्षांनी पुन्हा दिल्ली! बोलावणाराच उठून गेला.’

‘आन् आग्र्याहून महाराज?’

गुरुजींची मान झटक्यात वळली. ‘ती सुटका! शब्द जपून वापर.’ पोरगं खाली बघत आचाऱ्याकडं निघून गेलं. म्हणजे त्यानं कल्टी मारली. माझ्या डोळ्यांदेखत. मला किती हेवा वाटला म्हणून सांगू! 3 वाजून 35 मिनिटं झाली होती आणि आता माझ्या लक्षात आलं की मामा नाहीत. ड्रायव्हर नाही. मेहुणाही नाही. पळण्याच्या एकेका शब्दाबरोबर एकेक माणूस उठून गेलं होतं, आणि कल्टीचा मूळ आरोपी मी तेवढा हजर.

‘परागंदा मात्र गमतीनं म्हणू नये,’ गुरुजी एकदम हळू आवाजात म्हणाले. ‘रझाकाराच्या वेळेला आम्ही रातोरात गाव सोडलं. मी सात-आठ वर्षांचा. आईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली. निजामाच्या सरहद्दीपल्याड चार महिने काढले. सप्टेंबर 48 मधी पोलीस अॅक्शन झाली, मग परतलो.’

काय बोलावं ते मला सुचेना. जरा वेळानं मी विचारलं, ‘घर होतं का जाग्यावर?’

‘भिंती होत्या. आई निघताना घराला येते म्हणली होती, त्याच्यामुळं यावं लागलं.’

मी घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं. पण घड्याळ थांबलं नव्हतं. 3 वाजून 50. आता मात्र मी निश्चयानं उजवा पाय खुर्चीखालून पुढं काढला. गुरुजींनी तो बरोबर टिपला.

‘काढता पाय घेणे,’ ते म्हणाले. ‘यातला काढता म्हणजे काय, सांगा बरं?’

‘वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण,’ मी म्हणालो. पाचवीतली भीती तोंडातून आपोआप बाहेर आली.

‘शाब्बास. म्हणजे तो पाय अजून निघालेला नाही. निघायला लागलाय फक्त.’

47 वर्षांत माझ्या पायाचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं. माझा पाय कायम काढता. काढलेला कधीच नाही.

मी नमस्काराला वाकलो, पाया पडलो, आणि वर येतोय तोच माइक खरखरला. ‘आमचे दाजी जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावं. त्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार आहे. दाजींनी सत्कार घेतल्याशिवाय कुठंही जाऊ नये!’ शेवटचं वाक्य दोनदा झालं. मेहुणा कुठं गेला होता ते कळलं.

स्टेजवर माझ्या आधी अकरा जणांचे सत्कार होते. मानाच्या क्रमानं. त्यात एकाचं नाव चुकलं म्हणून त्याचा पुन्हा झाला. माझ्या डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला, फोटोवाला ‘दाजी, हसा’ म्हणाला, आणि त्याच वेळी फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी हसलो नाही. तो फोटो अजून ग्रुपवर आहे.

उडी मारून खाली आलो. कूलर चालू होता, पण समोरची खुर्ची रिकामी. विचार करायला वेळ नव्हता. मांडवाच्या तोंडाशी गेलो तर तिथं माझ्या चपला नाहीत. दिवाळीत घेतलेल्या, चामड्याच्या. त्यांच्या जागेवर रबरी चपलांचा एक जोड, ज्याच्या एका अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली. तोच घातला आणि डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल अशा अवतारात फाट्याकडं धूम ठोकली. पन्नास पावलांवर पिन सुटली. एक चपल हातात घेऊन मी उरलेलं अंतर तापलेल्या डांबरावर कापलं. गाडी पोचता पोचता हललीच.

‘थांबवा!’ मी ओरडलो. कंडक्टरनं माझी टोपी-टॉवेल बघून लग्नातलं कुणीतरी निरोप द्यायला आलंय असं समजून डबल बेल दिली.

तिसऱ्या खिडकीत गुरुजी होते. रुमालानं कपाळ टिपत निवांत बसलेले. मला बघून त्यांनी प्रसन्नपणे हात हलवला.

‘येतो हं, दाजी!’

त्यांच्या पायात काय होतं ते खालून दिसलं नाही.